तिमिश्वारा : रोमानियातल्या या शहराने जर्मन महापौर दोनदा का निवडला असेल?

वाटाड्या

सप्टेंबर २०२० मध्ये पश्चिम रोमानियातल्या तिमिश्वारात महापौरपदाची निवडणूक झाली. आठ वर्षं खुर्चीवर असलेल्या निकोलाए रोबूंना हरवून डोमिनिक फ्रिट्झ निवडून आले, तेही निम्म्याहून जास्त मतं घेऊन. हे गृहस्थ जन्माने आणि नागरिकत्वाने जर्मन. २००३ साली शाळा संपवून इथल्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून आले आणि शहराच्या प्रेमात पडले. मध्यंतरी जर्मनीचे माजी राष्ट्राध्यक्ष होर्स्ट क्योलर यांच्या कार्यालयात काम केलं आणि पुन्हा इकडे परतले. जून २०२४ मध्ये लोकांनी त्यांना दुसऱ्यांदा निवडून दिलं. २०२५ मध्ये तर ते यूएसआर (‘सेव्ह रोमानिया युनियन’) या राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्ष झाले.

मला या गोष्टीचं मनापासून कौतुक आहे. ज्या काळात जिकडेतिकडे ‘आमचा की बाहेरचा’ यावर निवडणुका लढवल्या जातात, त्या काळात अडीच लाख वस्तीचं एक शहर बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ल्या देतं. आणि नंतर परतही मागत नाही!

याचं कारण शहराच्या रक्तात असावं असं मला वाटतं. तिमिश्वारा ही जुन्या बनात प्रांताची राजधानी. रोमानियन, जर्मन, हंगेरियन, सर्ब, ज्यू, बल्गेरियन असे सगळे इथे शेजारी शेजारी राहिले. आजही या एका शहरात रोमानियन, जर्मन आणि हंगेरियन अशा तीन भाषांची तीन सरकारी नाट्यगृहं चालतात. अशा गावाला जर्मन नावाचं काय वावडं असणार? पण काही जाणकार म्हणतात की हे सगळं पर्यटनाच्या माहितीपत्रकातलं आहे, लोकांनी फक्त जुन्या कारभाराला कंटाळून मत दिलं. तुम्हाला काय वाटतं? तिकडे राहणारं किंवा तिकडचं वाचलेलं कुणी असेल तर सविस्तर लिहा.

चाफेकळी

छान विषय. पण दुसऱ्या देशाचा नागरिक महापौर होऊच कसा शकतो? कायद्याने चालतं का हे?

सातबारा

@चाफेकळी, चालतं. युरोपीय संघाचा नागरिक संघातल्या ज्या देशात राहत असेल तिथल्या स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो आणि उभाही राहू शकतो. मास्ट्रिख्ट करारापासून हा हक्क आहे. महापौरपद मात्र आपल्याच नागरिकांसाठी राखून ठेवायची मुभा देशांना आहे. फ्रान्सने ते राखून ठेवलंय. रोमानियाने ठेवलं नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तिथला ‘प्रिमार’ म्हणजे आपल्याकडचा महापौर नव्हे. आपल्या महानगरपालिकांत महापौर नगरसेवकांमधून येतो आणि खरा कारभार आयुक्त हाकतो. रोमानियात प्रिमारला लोक थेट निवडतात, प्रशासनही त्याच्याच हाताखाली असतं. २०१२ पासून एकाच फेरीत, ज्याला जास्त मतं तो विजयी. म्हणजे फ्रिट्झना दिलेलं मत हे शोभेच्या पदाला दिलेलं मत नव्हतं. रस्ता उखडला तर जबाबदार कोण, हे मतदाराला नेमकं ठाऊक असतं.

बुरुज

धागाकर्त्याने विषय काढलाच आहे तर जरा मागून सुरुवात करतो. लांबेल, पण या शहराला लांबण लागतेच.

चौदाव्या शतकात हंगेरीचा राजा पहिला चार्ल्स याने काही वर्षं इथूनच राज्य केलं. १५१४ साली ग्यॉर्गी डोझा या शेतकरी बंडाच्या नेत्याला इथे पकडलं आणि तापवलेल्या लोखंडी सिंहासनावर बसवून मारलं. तो जिथे मेला तिथे पुढे मेरीचा पुतळा उभा राहिला अशी लोककथा आहे. त्या चौकाला मारिया चौक म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, १९८९ मध्ये पुन्हा लागेल.

१५५२ साली तुर्कांनी किल्ला घेतला आणि पुढची १६४ वर्षं तिमिश्वारा हे ऑटोमन सुभ्याचं ठाणं होतं. १७१६ मध्ये सेनापती युजीन ऑफ सव्हॉयने वेढा घालून ते जिंकलं आणि १७१८ च्या पासारोवित्झच्या तहाने बनात व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग सम्राटांकडे गेला. खरं आजचं शहर इथून सुरू होतं. लढायांनी प्रदेश ओस पडलेला, दलदल माजलेली, हिवतापाने माणसं मरत होती. गव्हर्नर क्लोद फ्लोरिमों द मेर्सीने १७२८ पासून बेगा नदीचा कालवा खणायला घेतला, दलदल उपसली, आणि जर्मन मुलखांतून शेतकरी व कारागीर आणून वसवले. हेच ते बनातचे श्वाब. म्हणजे ती बहुभाषिकता काही आपोआप उगवलेली नाही. व्हिएन्नाने नकाशा समोर ठेवून माणसं पेरली, कारण त्यांना सरहद्दीवर कर भरणारी वस्ती हवी होती.

पुढचं शतक मात्र देखणं आहे. १८४९ मध्ये हंगेरियन क्रांतिकारकांनी १०७ दिवस वेढा घातला, तो या गावाने सोसला. १८६९ मध्ये घोड्यांची ट्राम आली. १२ नोव्हेंबर १८८४ रोजी ७३१ विजेचे दिवे रस्त्यांवर लागले. युरोपच्या मुख्य भूमीवर विजेने रस्ते उजळणारं हे पहिलं शहर, असं मानलं जातं. १८९९ मध्ये ट्रामही विजेवर गेली.

त्या काळात शहरात बहुसंख्य जर्मन आणि हंगेरियन होते. रोमानियन साधारण दहातला एक. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं तेव्हा ओटो रोट या समाजवादी वकिलाने ‘बनात प्रजासत्ताक’ जाहीर केलं. बनातचे तुकडे न होता आपण सगळे एकत्र राहू, अशी ती कल्पना. दोनेक आठवड्यांत सर्बियाचं सैन्य आत आलं आणि ती संपली. ऑगस्ट १९१९ मध्ये रोमानियाचं सैन्य शहरात आलं, १९२० च्या ट्रायनॉनच्या तहाने शिक्कामोर्तब झालं. बनातचा पश्चिम भाग युगोस्लाव्हियाला गेला, चिमूटभर तुकडा हंगेरीकडे उरला.

तेव्हा वाटाड्या, वारसा आहेच. पण ‘शेजारी शेजारी राहिले’ एवढ्यावर थांबू नका. त्यांना कुणी वसवलं आणि पुढे कुणी उठवलं, तेही पाहायला हवं.

खलबत्ता

बुरुजराव, एक नंबर प्रतिसाद! इतकी दलदल उपसल्यावर त्या लोकांना तहान लागली असेलच. पिण्याखाण्याचं काय?

बेगाकाठ

@खलबत्ता, तहानेची सोय लगेच झाली होती. इथली ‘तिमिश्वोरेआना’ बीअर १७१८ पासूनची, म्हणजे तह आणि दारूभट्टी एकाच वर्षी. खाण्यात सर्मले, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, आणि ममलिगा. मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा दह्यासोबत मिळाला की भाकरीची आठवण थोडी कमी येते.

आता मूळ मुद्दा. मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो आणि काही वर्षं या शहरात राहतोय. माझं मत धागाकर्त्यापेक्षा वेगळं आहे.

माझे बहुतेक सहकारी मूळचे तिमिश्वाराचे नाहीतच. कुणी देशाच्या दक्षिणेकडच्या ओल्तेनियातून आलंय, कुणी पूर्वेकडच्या मोल्दावियातून, शिकायला आले आणि राहिले. त्यांच्या आजोबांचा शेजारी जर्मन नव्हता. त्यांना विचारलं तर ते ट्राम, वाहतूक कोंडी आणि हिवाळ्यातल्या उष्णतेबद्दल बोलतात. इथल्या जुन्या इमारतींना घराघरातून नव्हे, तर शहराच्या मोठ्या उष्णता केंद्रातून नळावाटे गरम पाणी येतं. कम्युनिस्ट काळातली ती सगळी यंत्रणा. नळ गंजलेले, बरीच उष्णता जमिनीतच जिरते आणि इंधनाची देणी थकत जातात. थंडीत रेडिएटर गार पडला की लोकांना विचारसरणी सुचत नाही, महापौर आठवतो. फ्रिट्झनाही हेच दुखणं वारशात मिळालं आणि पहिल्या कार्यकाळात त्यावरून त्यांना भरपूर ऐकून घ्यावं लागलं.

दुसरं म्हणजे यूएसआर हा पक्ष भ्रष्टाचारविरोधी लाटेवर वर आला. ३१ जानेवारी २०१७ ला सरकारने रातोरात अध्यादेश काढून पदाच्या गैरवापराचे काही गुन्हे सौम्य करायचा घाट घातला, तेव्हा देशभर लाखो लोक थंडीत रस्त्यावर उतरले. इथला ऑपेरा चौकही भरला होता. सरकारला अध्यादेश मागे घ्यावा लागला. त्या चौकात उभी राहिलेली तरुण, शिकलेली, परदेशी कंपन्यांत काम करणारी मंडळी हाच फ्रिट्झचा मतदार. त्यांना त्याचा पासपोर्ट आडवा आला नाही, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांचे भाऊबहीण स्वतःच जर्मनीत, इटलीत नाहीतर स्पेनमध्ये कामाला आहेत.

थोडक्यात, त्यात १७१६ कुठेच नाही.

मनमोकळी

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते. आमच्या इमारतीतल्या आजी बनातच्या श्वाब आहेत. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि नंतर वाचलेलं इथे लिहिते, कारण ‘सगळे गुण्यागोविंदाने’ हे चित्र मला सलतं.

जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत हुकमावरून रोमानियातल्या जर्मन वंशाच्या सुमारे ७०,००० लोकांना मजुरीसाठी सोव्हिएत संघात नेलं. पुरुष १७ ते ४५ वयाचे, बायका १८ ते ३० च्या. आजींच्या आई त्यात होत्या. मग जून १९५१ मध्ये युगोस्लाव्ह सरहद्दीलगतच्या पट्ट्यातून चाळीस हजारांवर माणसं रातोरात मालगाड्यांत भरून बरागानच्या मैदानात नेऊन सोडली. त्यात जर्मन होते, सर्ब होते, बल्गेरियन होते, जरा बरी शेती असलेले रोमानियनही होते. उघड्या माळावर चार खुंट्या ठोकलेल्या, इथे घर बांधा म्हणाले. बहुतेकांना १९५६ पर्यंत परतता आलं नाही.

आणि शेवटी विक्री. हो, विक्रीच. पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजायची आणि कम्युनिस्ट हुकूमशहा चाउसेस्कुचं सरकार जर्मन वंशाच्या लोकांना बाहेर जाऊ द्यायचं. १९६७ ते १९८९ या काळात दोन लाखांहून जास्त माणसं अशी गेली. आजींचं कुटुंब त्यातलंच. घर, शेत, गुरं सगळं मागे टाकून. उरलेल्यांपैकी बहुतेक १९९० नंतर निघून गेले. नोबेल मिळालेल्या लेखिका हेर्टा म्युलर याच भागातल्या, नित्सकीडॉर्फ गावच्या. तिमिश्वारा विद्यापीठात शिकल्या, गुप्त पोलिसांचा छळ सोसला आणि १९८७ मध्ये देश सोडला.

आजींना फ्रिट्झ निवडून आल्याचं कळलं तेव्हा त्यांना आनंद झाला का? नाही. त्या म्हणाल्या, आमची माणसं विकून झाल्यावर आता यांना एक जर्मन हवा झाला. त्यांचं हे म्हणणं मला या धाग्यात असायला हवं वाटतं.

बुरुज

मनमोकळी, आजींचा शब्द इथे आणलात, बरं केलंत. मी म्हणत होतो ते ‘उठवणं’ हेच.

एक पुस्ती जोडतो. रोमानियात जर्मन महापौराचा दाखला आधीचाही आहे. सिबियू शहराने २००० साली क्लाउस योहानिस यांना निवडलं. ते ट्रान्सिल्व्हेनियातले सॅक्सन, रोमानियाचेच नागरिक. तेव्हा सिबियूत जर्मन जेमतेम दोन टक्के उरले होते. चौदा वर्षं महापौर राहिले आणि २०१४ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष झाले. ‘जर्मन माणूस म्हणजे चोख कारभार’ ही समजूत मतदारांत होती आणि आहे. पण ती समजूत समोरच्या जर्मनाला बळ देते, गेलेल्यांना न्याय देत नाही.

लातूरचा डॉक्टर

थोडं अवांतर आहे, पण रोमानियाचं नाव वाचून लिहिल्यावाचून राहवेना. मी युक्रेनमध्ये चेर्निव्त्सीला वैद्यकीय शिकत होतो. फेब्रुवारी २०२२ ला युद्ध पेटलं आन् आम्ही पोरं बर्फात चालत सिरेतच्या सीमेवर पोचलो. अलीकडच्या बाजूला लई हाल झाले. पण पलीकडे रोमानियात पाय ठेवला तर गावातली माणसं गरम चहा, सूप, ब्लँकेट घेऊन उभी. कुणी भाषा विचारली नाही की देश विचारला नाही. आम्हाला एका शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये झोपवलं, मग सुचावा अन् बुखारेस्टवरून ‘ऑपरेशन गंगा’ची विमानं मिळाली. ते सगळं देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, तिमिश्वारापासून लई लांब. पण ही माणसं परक्याला दारात उभं करून चौकशा करत न्हाईत, एवढं मी शपथेवर सांगतो.

चाफेकळी

डॉक्टर, तुम्ही सुखरूप परत आलात, फार बरं वाटलं. हे अवांतर मुळीच नाही.

बुरुज यांनी मारिया चौक लक्षात ठेवायला सांगितला होता. कुणी पुढे सांगेल का?

पिंपळपान

मी सांगते. या धाग्यावर १९८९ अजून आलंच नाही याचं मला आश्चर्य वाटतंय, कारण माझ्या मते सगळ्याचं उत्तर तिथे आहे.

आधी ऐंशीचं दशक. १९८१ च्या सुमारास रोमानियावर दहा अब्ज डॉलरच्या घरात परकीय कर्ज होतं. चाउसेस्कुने ते फेडायचंच असं ठरवलं आणि देशातलं धान्य, मांस, इंधन बाहेर विकलं. लोकांना ब्रेडसुद्धा शिधापत्रिकेवर. हिवाळ्यात घरं गार, टीव्ही दिवसाला दोन तास, त्यातही बराच वेळ त्याचंच भाषण. तिमिश्वारा मात्र सरहद्दीजवळ. घराघरावरचे अँटेना बेलग्रेड आणि बुडापेस्टकडे वळवलेले असत. युगोस्लाव्हियातून जीन्स, कॉफी, ‘वेगेटा’ मसाला चोरट्या बाजारात यायचा. काही जण डॅन्यूब पोहून पलीकडे पळून जायचे, काही गोळी खाऊन बुडायचे. जग कसं चाललंय हे या शहराला बुखारेस्टपेक्षा जास्त दिसत होतं.

मारिया चौकाजवळ लास्लो तोकेश हे हंगेरियन रिफॉर्म्ड चर्चचे पाद्री राहत. ते राजवटीविरुद्ध उघड बोलायचे, म्हणून त्यांना घराबाहेर काढायचा आदेश निघाला. मुदत १५ डिसेंबर १९८९. त्या दिवशी चर्चची हंगेरियन माणसं हातात हात गुंफून दारापुढे उभी राहिली. आणि मग, माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा क्षण आहे, १६ तारखेला रोमानियन शेजारी, विद्यार्थी, कामगार त्यांच्याजवळ येऊन उभे राहिले. हंगेरियन पाद्र्यासाठी! राजवटीने वर्षानुवर्षं ‘हंगेरियन म्हणजे फितूर’ असं शिकवलेलं असताना. चौकातल्या ट्राम थांबवल्या गेल्या आणि संध्याकाळपर्यंत ‘कम्युनिझम मुर्दाबाद’ सुरू झालं.

१७ ला सैन्याने गोळ्या झाडल्या. १८ ला मेणबत्त्या घेऊन ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर जमलेल्या मुलांवर झाडल्या. चाउसेस्कु त्याच दिवशी इराणच्या दौऱ्यावर गेला. रुग्णालयातून चाळीसहून अधिक मृतदेह रात्री पळवले, बुखारेस्टला नेऊन जाळले आणि राख गटारात टाकली, म्हणजे पुरावाच नको. तरी २० डिसेंबरला कारखान्यांतून कामगारांचे लोंढे निघाले, सैनिकांनी बंदुका खाली केल्या, आणि ऑपेराच्या सज्जातून तिमिश्वारा हे कम्युनिझमपासून मुक्त झालेलं रोमानियातलं पहिलं शहर जाहीर झालं. ‘आज तिमिश्वारात, उद्या देशभर’ ही घोषणा तिथलीच. मोर्चेकऱ्यांना झोडपायला ओल्तेनियातून आगगाड्या भरभरून सोटेधारी कामगार पाठवले होते. त्यांनी इथे उतरून पाहिलं आणि त्यांच्यातले कित्येक लोकांनाच सामील झाले. २२ ला चाउसेस्कु बुखारेस्टमधून पळाला.

शंकासुर

पिंपळपान, भावना पोचल्या. पण १९८९ बद्दल दोन शंका विचारायलाच हव्यात. एक, त्या वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिमिश्वारात ४,६३२ मेले असं छापलं आणि सामूहिक कबरीची छायाचित्रं दाखवली. पुढे उघड झालं की आकडा खोटा होता आणि ते मृतदेह गरिबांच्या दफनभूमीतले, आधीच मेलेल्यांचे होते. दोन, चाउसेस्कु गेल्यावर सत्ता आली ती इओन इलिएस्कू या जुन्या कम्युनिस्टाकडेच. मग ही क्रांती की राजवाड्यातला उठाव?

पिंपळपान

@शंकासुर, आकडा खोटा होता, अगदी बरोबर. आणि त्याने सर्वात मोठं नुकसान केलं ते खरोखर मेलेल्यांचं. आकडा फुगवलेला निघाला की लोकांना वाटतं, काही झालंच नव्हतं. ज्यांची राख गटारात गेली त्यांच्या घरच्यांना पुरायलाही काही मिळालं नाही. त्यांची नावं इथल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत कोरलेली आहेत. देशभरात मिळून अकराशेहून अधिक लोक मेले आणि त्यातले बहुतेक २२ डिसेंबरनंतर, म्हणजे हुकूमशहा पळाल्यावर! तुमच्या दुसऱ्या शंकेचं मूळ तिथेच आहे.

बुखारेस्टमध्ये उठाव झाला असेल, यावर अभ्यासक भांडत राहोत. तिमिश्वारात १६ ते २० डिसेंबर जे झालं ते लोकांनी केलं. सत्ता दुसऱ्यांनी उचलली, याचा दोष रस्त्यावर मेलेल्यांना देता येत नाही. ज्या सेनापतींना दडपशाहीसाठी इकडे पाठवलं त्यांतले स्तान्कुलेस्कू आणि किट्साक नव्या सरकारात मंत्री झाले. अंतिम शिक्षा, पंधरा वर्षांची, लागली २००८ मध्ये. एकोणीस वर्षांनी.

आणि शहर गप्प बसलं नव्हतं. ११ मार्च १९९० रोजी ऑपेरा चौकात ‘तिमिश्वाराचा जाहीरनामा’ वाचला गेला. त्यातलं आठवं कलम सगळ्यात प्रसिद्ध : जुन्या पक्षाचे पदाधिकारी आणि गुप्त पोलीस अधिकारी यांना सलग तीन निवडणुकांत उभं राहायला बंदी. ते मान्य झालं नाही. मे महिन्यात इलिएस्कू ८५ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. पण मला चौथं कलम जास्त मोलाचं वाटतं. ही क्रांती रोमानियनांबरोबर हंगेरियन, जर्मन, सर्ब आणि इतरांनीही रक्त सांडून केली, असं ते ठणकावून सांगतं. दहाच दिवसांत, १९ आणि २० मार्चला, तर्गु मुरेशमध्ये रोमानियन आणि हंगेरियन एकमेकांवर काठ्या घेऊन तुटून पडले आणि माणसं मेली. म्हणजे ते कलम किती वेळेवर लिहिलं होतं बघा.

खलबत्ता

वाचता वाचता चहा गार झाला. चौथं कलम मला माहीतच नव्हतं. धन्यवाद पिंपळपान!

सातबारा

पिंपळपान यांना पूरक. त्याच जाहीरनाम्यात विकेंद्रीकरणाची मागणीही आहे. आपला कारभार आपल्याला करू द्या, हे शहराचं गाऱ्हाणं तेव्हापासूनचं. मतपेटीतही ते दिसत आलंय. देश इलिएस्कूंच्या मागे असताना १९९२ मध्ये इथे विरोधी आघाडीचे विओरेल ओआन्चा महापौर झाले. १९९६ ते २०१२ गेओर्गे चुहांदू, ते जुन्या शेतकरी पक्षाचे, ज्यावर कम्युनिस्टांनी बंदी घातली होती. मग उदारमतवादी रोबू, मग फ्रिट्झ. कम्युनिस्टांचे वारस मानल्या जाणाऱ्या समाजवादी लोकशाही पक्षाला या काळात शहराचं महापौरपद मिळालेलं नाही.

बेगाकाठ

सातबारा यांनी दिलेली यादी खरी आहे. पण ती शहराची. २०२४ मध्ये ज्या दिवशी शहराने फ्रिट्झना निवडलं त्याच दिवशी तिमिश जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद समाजवाद्यांच्या आल्फ्रेड सिमोनिस यांच्याकडे गेलं. शहर संपलं आणि शेतं सुरू झाली की मत बदलतं. त्यातून शहरातली बरीच तरुण कुटुंबं घरासाठी जिरोक आणि दुंब्रावित्सासारख्या शेजारच्या गावांत गेली आहेत. शहराची नोंदलेली लोकसंख्या घटतेय आणि रोज सकाळी त्याच गाड्या आत येऊन रस्ते तुंबवतात. कर तिकडे, धूर इकडे. महापौर कुणीही असो, हा हिशेब जुळत नाही.

१९८९ बद्दल पिंपळपान म्हणतात ते मी रोज पाहतो. कालेआ जिरोकुलुई रस्त्याने कामावर जाताना गोळीबाराच्या जागेवरचं स्मारक लागतं. डिसेंबरात तिथे फुलं असतात. माझ्या वरिष्ठ बाई तेव्हा शाळेत होत्या, त्यांचे वडील २० तारखेच्या मोर्च्यात होते. पण त्याच बाईंनी २०२४ ला फ्रिट्झना मत दिलं नाही. सायकलमार्गासाठी रस्ता अरुंद केला म्हणून. आठवण आणि मत एकाच घरात अशा वेगवेगळ्या वाटांनी जातात.

परक्याचं म्हणाल तर आता खरी परीक्षा दुसरीच आहे. रोमानियातली कामकरी माणसं पश्चिमेकडे गेल्याने सरकार गेली काही वर्षं दरसाल लाखाच्या घरात बिगर-युरोपीय कामगारांना परवाने देत आलंय. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, आपला भारत. बांधकामावर आणि जेवणाचे डबे पोचवणाऱ्या दुचाकींवर हीच पोरं दिसतात. पोरं कामसू आहेत, पण खोलीत दाटीवाटीने राहतात आणि दलालाचं कर्ज फेडत असतात. जर्मन महापौर चालणं सोपं आहे. या पोरांना शहर आपलं म्हणेल का, ते मला बघायचंय.

मनमोकळी

बेगाकाठ, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. जर्मनीतही हेच पाहते.

वाटाड्या

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती एका ठिकाणी मिळेल असं वाटलं नव्हतं.

मूळ प्रश्नाकडे वळतो. बेगाकाठ म्हणतात त्यात १७१६ नाही, ते मला पटतंय. लोकांनी ट्राम आणि रेडिएटर बघून मत दिलं असणार. पण सायकलमार्गावरून चिडलेल्या त्या बाईंनीही फ्रिट्झच्या विरोधात जर्मन असण्याचं कारण दिलं नाही, सायकलमार्गाचं दिलं. त्याच्यावर टीका होते ती महापौर म्हणून. हे एवढं सहज कसं झालं, याचं उत्तर मला आता पिंपळपान यांच्या १६ डिसेंबरमध्ये दिसतं. मारियाच्या चौकात रोमानियन माणसं हंगेरियन दारापुढे उभी राहिली तेव्हा ‘आपला कोण’ हे या शहराने ठरवून टाकलं, आणि तीन महिन्यांनी लिहूनही ठेवलं. हाब्सबुर्गांनी माणसं शेजारी आणून बसवली होती. एकमेकांसाठी उभं राहायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं.

पिंपळपान

मान्य. फक्त ‘ठरवून टाकलं’ म्हणू नका. बेगाकाठ यांच्या डबेवाल्या पोरांसाठी ते पुन्हा ठरवावं लागेल.

चाफेकळी

@बेगाकाठ, एक प्रश्न राहिला. यंदा डिसेंबरात बुडापेस्टला जायचं चाललंय. तिथून तिमिश्वाराला येणं जमण्यासारखं आहे का? आणि काय काय पाहू?

बेगाकाठ

जरूर या. बुडापेस्टहून बस किंवा गाडीने चार-पाच तास धरा. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया जमिनीवरूनही शेंगेनमध्ये आलाय, त्यामुळे नाक्यावरच्या रांगा आता नाहीत. आगगाडीच्या वाटेला मात्र जाऊ नका, बुखारेस्टला जायलाही आख्खा दिवस मोडतो.

युनिरी चौकात एका बाजूला कॅथलिक कॅथेड्रल आणि समोर सर्बियन चर्च आहे, तिथून सुरुवात करा. चेताते भागातलं १८६५ चं सिनेगॉग दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलंय. २०२३ मध्ये शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, तेव्हा कला संग्रहालयात रोमानियन शिल्पकार ब्रांकुशीची शिल्पं पाहायला रांगा लागल्या होत्या. ती परत गेली, पण संग्रहालय छान आहे. क्रांती स्मारकाच्या संग्रहालयाला दोन तास द्या. आणि १६ ते २० च्या दरम्यान आलात तर मारिया चौकात आणि ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलपाशी स्मरणाचे कार्यक्रम असतात, तेव्हाच या. थंडी उणेत जाते, लोकरीचे मोजे आणा. मला इथे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सर्मले मी खिलवतो.